शून्य रुंदीचं अक्षर

माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. लोकांच्या हातात जायच्या आधी आपण ते वापरून बघायचं, कुठे अडतंय, कुठे चुकतंय ते शोधायचं आणि सापडलेल्या प्रत्येक चुकीची एक नोंद करायची. नोंद करताना स्क्रीनवर एक छोटी यादी उघडते, ही चूक किती गंभीर ते त्यातून निवडायचं असतं. सगळ्यात वर ब्लॉकर, मग क्रिटिकल, मग मेजर, मग मायनर आणि एकदम तळाला ट्रिव्हियल. या शब्दांवर मी कितीतरी वर्षं दिवसातून दहा वेळा क्लिक केलं असेल, पण त्यांच्याकडे शब्द म्हणून कधी बघितलंच नव्हतं, ती फक्त बटणं होती.

मग एक नोंद आली. एका बाईंनी कळवलं होतं की त्यांच्या सभासद-कार्डावर आडनाव चुकीचं छापलं जातंय. मी उघडून बघितलं तर आडनावात जो ऱ्या होता त्याचा र्या झाला होता, म्हणजे आडवा र जाऊन डोक्यावर रफार चढला होता. बाकी सगळं नीट. नाव कळतंय, कार्ड चालतंय, काहीही अडत नाहीये. मी यादी उघडली आणि तळाचा शब्द निवडला. ट्रिव्हियल. आमच्याकडे ट्रिव्हियल म्हणजे वेळ मिळाला तर बघू, आणि वेळ कधी मिळत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. महिन्याभराने त्यांनी परत कळवलं, मी तीच जुनी नोंद जोडून दिली. तिसऱ्या वेळी त्यांनी दोनच वाक्यं लिहिली होती. हे नाव माझं नाही, हे दुसऱ्या कोणाचं तरी आहे.

त्या दिवशी हातातलं सगळं बाजूला ठेवून मी त्या एका अक्षराच्या मागे लागले. कारण सापडलं तेव्हा खरंच थक्क झाले. कॉम्प्युटरमध्ये आडवा र लिहायच्या दोन पद्धती आहेत, त्यातल्या एका पद्धतीत र, मग हलन्त आणि मग एक न दिसणारं चिन्ह लागतं. त्या चिन्हाचं नावच झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचं जोडाक्षरचिन्ह. ते छापलं जात नाही, जागा घेत नाही, फक्त शेजारच्या र ला सांगतं की बाबा तू रफार होऊन वर चढू नकोस, इथेच आडवा हो. आणि आमच्या प्रोग्राममध्ये कोणीतरी एक साफसफाईची ओळ लिहून ठेवली होती, माणसांनी टाइप केलेल्या मजकुरात चुकून आलेल्या मोकळ्या जागा, न दिसणारी चिन्हं वगैरे काढून टाकणारी. तिला ते शून्य रुंदीचं चिन्ह कचरा वाटलं आणि तिने ते उचलून फेकलं. लिहिणाऱ्याची चूक म्हणावी तर तीही नाही, दिसत नाही, जागा घेत नाही, मग ठेवायचं कशाला असंच कोणालाही वाटलं असतं. पण मराठी लिहिणाऱ्या माणसाला विचारा, दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. त्या दोघांमध्ये जे काही आहे ते सगळं त्या न दिसणाऱ्या चिन्हात आहे.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. नोंदीवरचा ट्रिव्हियल मी पुसला. पण शब्द काही डोक्यातून जाईना. आपण हा जो शब्द इतक्या सहज लावतो तो आला कुठून, हे बघायला म्हणून डिक्शनरी उघडली आणि मग एकातून दुसरा असं करत करत काही महिने मी इंग्रजीतले हे सगळे 'छोट्या' गोष्टींचे शब्दच गोळा करत बसले. ट्रिव्हियल, पेटी, नेग्लिजिबल, पॉल्ट्री, ट्रायफल, इनसिग्निफिकंट, इममटीरियल, पिडलिंग, निगलिंग. एका वहीत. इंग्रजीत हे एवढे शब्द का लागावेत हा मला आधी प्रश्न पडला होता, पण हळूहळू लक्षात यायला लागलं की हे एकाच अर्थाचे शब्द नाहीतच. प्रत्येक शब्द गोष्ट लहान असल्याचं वेगळं कारण सांगतो, आणि सांगणारा माणूस कुठे उभा राहून बोलतोय तेही त्यातून कळतं.

ट्रिव्हियलपासूनच सुरुवात करते. लॅटिनमध्ये त्रि म्हणजे तीन आणि विया म्हणजे वाट. त्रिवियम म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा. आपल्याकडे त्याला अगदी नेमका शब्द आहे, तिठा. तर ट्रिव्हियल म्हणजे तिठ्यावरचं. जिथे येणारे जाणारे थांबतात, बोलतात, ती जागा सगळ्यांची, तिथली गोष्ट कोणालाही माहीत असलेली, कुठेही ऐकू येणारी, म्हणून सामान्य. मध्ययुगातल्या युरोपात शिक्षणाच्या पहिल्या तीन विषयांनाही त्रिवियमच म्हणायचे, व्याकरण, तर्कशास्त्र आणि वक्तृत्व, आणि त्यानंतर मग अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र हे चार. इंग्रजीत हा शब्द आधी या अभ्यासाच्या अर्थानेच आला आणि क्षुल्लक हा अर्थ त्याला नंतर चिकटला. मला यात अडकून पडावंसं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. मुळात या शब्दात लहान असं काहीच नाही! नीट बघितलं तर तिठा ही मोठी जागा आहे, तीन वाटा येऊन मिळतात तिथे. फक्त ती सगळ्यांची आहे. आणि जे सगळ्यांचं आहे ते कमी किमतीचं, ही भर कोणीतरी मागाहून घातली. आपण मराठीतही हेच केलंय की. चव्हाटा म्हणजे चार रस्ते मिळतात ती जागा, पण गोष्ट चव्हाट्यावर आली म्हणजे तिची लाज गेली. यःकश्चित म्हणजे शब्दशः 'जो कोणी'. कोणीही. संस्कृतात त्यात काही कमीपणा नाही, पण मराठीत एखाद्याला यःकश्चित माणूस म्हणून बघा. दोन्ही भाषांना सामान्य माणसाचा एवढा काय राग होता कोण जाणे, पण तिठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला दोघींनीही लहान करून टाकलं.

गणितवाल्यांचा ट्रिव्हियल अजून निराळा. तिथे ट्रिव्हियल म्हणजे ज्यासाठी डोकं लढवायला लागत नाही ते. रीमान या जर्मन गणितज्ञाने 1859 साली जो प्रश्न मांडला आणि जो आजही सुटलेला नाही, त्यातल्या फंक्शनला शून्य करणारी काही उत्तरं आहेत वजा 2, वजा 4, वजा 6 अशी, त्यांना ट्रिव्हियल म्हणतात, कारण ती लगेच दिसतात. ती बिनमहत्त्वाची आहेत असं कोणी म्हणत नाही, फक्त सोपी आहेत. आमच्या त्या यादीतला ट्रिव्हियल नेमका कुठला, सोपा की बिनमहत्त्वाचा, हे आमच्यापैकी कोणीच कधी ठरवलं नव्हतं आणि तिथेच गोंधळ होता. सोपं आहे म्हणून बिनमहत्त्वाचं, बिनमहत्त्वाचं आहे म्हणून नंतर, असं ते घसरत जायचं.

पेटीचा राग मात्र मला आला, शब्दाचा. फ्रेंचमध्ये पतीत म्हणजे लहान, तोच शब्द इंग्रजीत दोनदा आला. एकदा पेटीट होऊन आला, लहान चणीच्या बाईसाठी, ते कौतुक. आणि एकदा पेटी होऊन आला, ती शिवी. पेटी माणूस म्हणजे कोत्या मनाचा, आणि पेटी भांडण म्हणजे ज्यात पडणाऱ्यालाही लहान केलं जातं. म्हणजे ट्रिव्हियल गोष्टीला लागतो, पण पेटी गोष्टीतून उडी मारून माणसावर बसतो. कोणी आपल्याला म्हणालं की तुझी तक्रार मायनर आहे तर आपण तक्रारीबद्दल वाद घालू शकतो. पेटी म्हटलं की वाद तक्रारीचा राहतच नाही, आपण कसे आहोत याचा होतो. म्हणून समोरच्याचं तोंड बंद करायला हा शब्द फार सोयीचा पडतो.

आणि कायद्यातली पेटी तर अंगावर काटा आणणारी आहे. इंग्लंडमध्ये चोरीचे दोन प्रकार होते, ग्रँड लार्सनी आणि पेटी लार्सनी. हद्द होती बारा पेन्सची. बारा पेन्सच्या वर चोरी केली तर ग्रँड, आणि त्याला फाशी होऊ शकायची. बारा पेन्सपर्यंत असली तर पेटी, मग फटके वगैरे. ही विभागणी 1827 पर्यंत टिकली, शेकडो वर्षांत पैशाची किंमत कुठल्या कुठे घसरली पण बारा पेन्स ते बारा पेन्सच. मग ज्युरीत बसलेली माणसं काय करायची, तर चोरलेल्या वस्तूची किंमत मुद्दाम कमी ठरवायची. समोर दिसतंय की वस्तू महागाची आहे, पण निकालात लिहायचं की दहा पेन्सची. ब्लॅकस्टोन नावाच्या कायदेपंडिताने अठराव्या शतकात याला 'पुण्यकर्म म्हणून दिलेली खोटी साक्ष' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. मी हे वाचलं तेव्हा खूप वेळ थांबले. एखादी गोष्ट पेटी ठरवून माणसाचा जीव वाचवता येत होता. लहान म्हणणं हे तिथे दयेचं काम होतं. त्याच कायद्यात दुसरीकडे पेटी ट्रीझन, म्हणजे लहान राजद्रोह. 1351 च्या कायद्यातला हा गुन्हा. बायकोने नवऱ्याला मारलं किंवा नोकराने मालकाला मारलं तर तो साधा खून नाही, तो राजद्रोहाचा धाकटा भाऊ. राजाविरुद्धचा तो मोठा, घरातल्या राजाविरुद्धचा हा लहान. आणि या 'लहान' गुन्ह्यासाठी बाईला जाळायची शिक्षा होती, 1790 पर्यंत. गुन्हाच रद्द झाला तो 1828 साली. त्या शब्दातला लहानपणा बघा आणि शिक्षा बघा.

मध्येच एक सांगते. मिनिस्टर हा शब्द मायनसच्या घरातला आहे. लॅटिनमध्ये मागिस म्हणजे जास्त, त्यातून मागिस्तर, त्यातून मास्टर आणि आपला मास्तर. आणि मिनुस म्हणजे कमी, त्यातून मिनिस्तेर, म्हणजे सेवक, हाताखालचा. त्या हिशोबाने शाळेतले मास्तर मोठे आणि मिनिस्टर लहान. असंच मिनिटाचं. मिनिट म्हणजे मुळात 'पहिला बारीक तुकडा', आणि त्याचा परत तुकडा केला तो दुसरा, म्हणून सेकंद. सेकंदाला स्वतःचं नावसुद्धा मिळालं नाही, नुसता क्रमांक.

सगळ्यात जास्त दिवस मी नेग्लिजिबलपाशी होते. हा शास्त्रज्ञांचा शब्द, शांत, सभ्य, कोणाचा अपमान न करणारा. मूळ बघितलं तर लॅटिन लेगेरे म्हणजे वेचणं, आणि त्याच्या आधी नकार. जे वेचलं नाही ते. खाली पडलेलं दिसलं, पण वाकून उचललं नाही. याच लेगेरेचा दुसरा अर्थ वाचणं असाही आहे, कारण वाचताना आपण अक्षरं वेचतोच. म्हणजे नेग्लिजिबल हा गोष्टीचा गुण नाहीच मुळी, ती आपण केलेली, किंवा खरं म्हणजे न केलेली, कृती आहे. आमच्या प्रोग्रामने ते शून्य रुंदीचं चिन्ह असंच न वेचता टाकलं होतं, म्हणून मला हा अर्थ वाचून एकदम चटका बसला.

याच्याशी जोडून केप्लर या खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट सांगायलाच हवी. टायको ब्राहे या माणसाने दुर्बिणीचा शोध लागायच्या आधी, नुसत्या डोळ्यांनी आणि मोठमोठ्या उपकरणांनी, वर्षानुवर्षं ग्रहांच्या जागा नोंदवून ठेवल्या होत्या. 1601 साली तो गेला आणि त्याच्या नोंदी केप्लरच्या हातात आल्या. केप्लर मंगळाची कक्षा बसवायला बसला. त्या काळी सगळ्यांना खात्री होती की ग्रह वर्तुळातच फिरतात, दोन हजार वर्षं हेच चाललेलं. केप्लरनेही वर्तुळ घेतलं, पानंच्या पानं आकडेमोड केली, आणि शेवटी असं गणित बसवलं की ते टायकोच्या नोंदींशी जवळजवळ जुळलं. जवळजवळ. काही ठिकाणी फरक पडत होता आठ कलांचा. कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, आपण पौर्णिमेचा चंद्र बघतो त्याची रुंदी साधारण तीस कला भरते, म्हणजे हा फरक चंद्राच्या पाव रुंदीएवढा. प्राचीन काळच्या टॉलेमीच्या निरीक्षणांत दहा कलांची चूक धरलेलीच असायची, त्या हिशोबाने आठ कला म्हणजे काहीच नाही, सोडून द्यायचं आणि पुढे जायचं. कोणीही सोडून दिलं असतं. केप्लरने नाही सोडलं, कारण त्याला माहीत होतं की टायको एवढा चुकणारा माणूस नाही. त्याने स्वतःचं जुळत आलेलं गणित मोडलं आणि पुन्हा सुरुवात केली. 1609 च्या त्याच्या पुस्तकात ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे आलं ते यातून, आणि त्याने तिथे स्पष्ट लिहिलंय की या आठ कलांकडे दुर्लक्ष करता आलं नाही म्हणून सगळं खगोलशास्त्र नव्याने उभं करायची वाट सापडली.

मला या गोष्टीतलं गणित पूर्ण कळत नाही, पण एक कळतं. त्या आठ कला लहान की मोठ्या हे त्यांच्या आकारावरून ठरलं नाही. ते ठरलं टायकोच्या हातावरच्या विश्वासावरून. नोंद करणाऱ्याने मन लावून केलीये, तर मग त्यातला फरक हा खराच असणार. मी त्या बाईंची पहिली दोन पत्रं ज्या पद्धतीने वाचली त्यात हा विश्वास कुठेच नव्हता. त्यांना स्वतःचं आडनाव माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असणार एवढं साधं मी धरलं नव्हतं.

बाकी बरेच शब्द पैशातून आलेत, ते पटकन सांगते. अमेरिकेत पिकायून म्हणतात अगदी फुटकळ गोष्टीला, ते मुळात न्यू ऑर्लिन्सकडे चालणारं एक छोटं स्पॅनिश नाणं, सहा सेंटहून थोडं जास्त. तिथे 1837 साली एक वर्तमानपत्र निघालं, किंमत एक पिकायून, म्हणून नावही पिकायून. टू-बिट म्हणजेही तसंच, स्पॅनिश डॉलरचे आठ तुकडे, त्यातले दोन. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा, ते नाणं 1960 च्या शेवटी बंद झालं पण 'एका फार्दिंगच्याही लायकीचं नाही' हे राहिलं. आपण चिल्लर म्हणतो तेच की. पॉल्ट्री म्हणजे क्षुद्र, हे बहुतेक चिंधीच्या शब्दावरून. पीनट्स, स्मॉल बियर, स्मॉल पोटेटोज हे खाण्यापिण्यातले. पिडलिंग, पिफलिंग, फूटलिंग, निगलिंग हे सगळे नुसत्या आवाजानेच लहान वाटतात, ओठांच्या टोकावर बोलायचे, मला ते ऐकायला आवडतात पण त्यांच्यात थांबण्यासारखं फार नाही.

मियर या शब्दात मात्र आहे. मियर म्हणजे फक्त, केवळ, एवढंच. पण मूळ लॅटिन मेरुस म्हणजे शुद्ध, आणि ते लोक हा शब्द वाइनसाठी वापरायचे, पाणी न घातलेली. जुन्या इंग्रजीत मियर म्हणजे पूर्ण, अस्सल. शेक्सपिअरच्या काळातसुद्धा मियर शत्रू म्हणजे पक्का शत्रू. मग कधीतरी 'यात दुसरं काही मिसळलेलं नाही' याचं 'यात दुसरं काही नाहीये' झालं. आणि हे वाचताना मला एकदम आपला निव्वळ आठवला. पाणी निवळतं तो निव्वळ. निव्वळ नफा म्हणजे सगळं वजा जाऊन उरलेला खरा नफा. आणि निव्वळ योगायोग म्हणजे फक्त योगायोग, त्याहून जास्त काही नाही. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, शुद्ध या शब्दाला घेऊन त्याच वाटेने तिथेच पोचल्या. हे सापडलं त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही.

ट्रायफलकडे येते. हा जुन्या फ्रेंचमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ थट्टा, फसवणूक असा होता. पोकळ गोष्ट सांगून कोणाला तरी बनवणं. शेक्सपिअरच्या ऑथेल्लो नाटकात इयागो हा खलनायक म्हणतो की हवेइतक्या हलक्या ट्रायफल्ससुद्धा संशयी माणसाला धर्मग्रंथातल्या पुराव्याएवढ्या पक्क्या वाटतात, आणि तो हे म्हणतो तेव्हा त्याच्या हातात ऑथेल्लोच्या बायकोचा, डेस्डिमोनाचा रुमाल असतो. एक रुमाल. शब्दातली लहान वस्तू आणि शब्दातली फसवणूक दोन्ही त्या एका जागी.

पण या शब्दावरचं सगळ्यात मोठं काम सुझन ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेने केलंय असं माझं मत आहे. 1900 च्या डिसेंबरात आयोवा राज्यात एका शेतकऱ्याचा झोपेत कुऱ्हाडीने खून झाला आणि आरोप त्याच्या बायकोवर आला. ग्लास्पेल तेव्हा तरुण वार्ताहर होती, तिने वर्तमानपत्रासाठी त्या खटल्याच्या बातम्या दिल्या. पुढे 1916 साली तिने त्यावरून एक एकांकिका लिहिली आणि तिचं नावच ट्रायफल्स. तिच्यात खून दोरीने गळा आवळून झालाय आणि बायको तुरुंगात आहे. शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारी असे पुरुष पुरावा शोधायला घरात आलेत, बरोबर दोघांच्या बायका आहेत, शेरीफची आणि शेजाऱ्याची. पुरुष स्वयंपाकघरावर एक नजर टाकतात, शेरीफ म्हणतो इथे काय, नुसत्या स्वयंपाकघरातल्या वस्तू. बरण्या थंडीने फुटल्याचं त्या तुरुंगातल्या बाईला वाईट वाटतंय हे ऐकून त्यांना हसू येतं, आणि शेजारी म्हणतो की बायकांना ट्रायफल्सची काळजी करायची सवयच असते. मग ते वर जातात, खून जिथे झाला तिथे.

खाली राहिलेल्या दोघींना गोधडीचं अर्धवट शिवण सापडतं. तुकडे सगळे एकसारखे, टाके सुंदर, बारीक. आणि मध्येच एक तुकडा असा की टाके वेडेवाकडे, जणू शिवणाऱ्या हाताला आपण काय करतोय ते कळत नव्हतं. मला शिवता येत नाही फारसं पण आईच्या हाताचे टाके मी ओळखते, कुठले बसून घातलेत आणि कुठले घाईत, त्यामुळे ते टाके मला डोळ्यासमोर दिसले. दोघी बघतात, एकमेकींकडे बघतात, आणि एक जण काही न बोलता सुई घेऊन ते टाके उसवून नीट घालायला लागते. मग शिवणाच्या टोपलीत एका छान डबीत रेशमात गुंडाळलेला पक्षी सापडतो, मान मुरगळलेला. त्या बाईचा गाणारा पक्षी, त्या मुक्या घरातला एकुलता एक आवाज, आणि तो कोणी मारला ते कळायला काही लागत नाही. वर पुरुष खुनाचं कारण शोधतायत, कारण खाली आहे, ट्रायफल्समध्ये. दोघी ती डबी लपवतात. त्या काळी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत बायकांना ज्युरीत बसता येत नव्हतं, हे लक्षात ठेवून वाचलं की त्या स्वयंपाकघरात नेमकं काय चाललंय ते जास्त लागतं. त्यांनी चूक केलं की बरोबर यावर माझं अजून पक्कं होत नाही. पण त्यांना दिसलं ते त्यांना लहान गोष्टी बघायची सवय होती म्हणून दिसलं, आणि बाकीच्यांना दिसलं नाही ते त्या शब्दामुळे. एकदा ट्रायफल म्हटलं की डोळे पुढे सरकतात.

उलट बाजूही आहे, आपणच आपल्या गोष्टीला लहान म्हणायचं. रोमन कवी कातुल्लुसने आपल्या कविता मित्राला देताना त्यांना नुगाए म्हटलं, म्हणजे फुटकळ गोष्टी, ज्यातून इंग्रजीतला न्यूगेटरी आला. त्याला दोन हजार वर्षं झाली. बागातेल म्हणजेही तेच, किरकोळ चीज, आणि बेटोव्हेनने आपल्या छोट्या पियानो-रचनांना हेच नाव दिलं. फ्युर एलिझे, जी सुरावट जगातल्या प्रत्येक खेळण्यात आणि रिंगटोनमध्ये वाजते, ती याच प्रकारातली, 1810 ची, आणि छापली गेली 1867 साली, तो जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर. स्वतःच्या तोंडून आलेल्या या लहानपणात मला माया वाटते. दुसऱ्याच्या वस्तूला लावला की शब्द तोच, पण वजन वेगळं.

वहीचं शेवटचं पान इनसिग्निफिकंटचं आहे. सिग्नम म्हणजे खूण. सिग्निफिकंट म्हणजे जे काहीतरी खूण करतं, आणि नकार लावला की जे कसलीच खूण करत नाही. आकडेशास्त्रात फिशर या शास्त्रज्ञाने 1925 च्या पुस्तकात 0.05 ची, म्हणजे नुसत्या योगायोगाने वीसात एकदा घडेल एवढी हद्द वापरली आणि तेव्हापासून सिग्निफिकंट हा शब्द शोधनिबंधांत रुळला, पण तिथेही त्याचा अर्थ महत्त्वाचं असा नाहीये, हे नुसत्या योगायोगाने झालेलं दिसत नाही एवढाच आहे. ते पान मी लिहीत होते तेव्हा बाबांची तपासणी झाली होती. पोटात दुखत होतं बरेच दिवस, स्कॅन केला, आणि रिपोर्ट रात्री फोनवर आला. बाबा झोपले होते. मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचला. यकृत, मग पित्ताशय, स्वादुपिंड, प्लीहा, मूत्रपिंडं, एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच शब्द. अनरिमार्केबल. अनरिमार्केबल. अनरिमार्केबल. ज्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही असं. कोणी माझ्याबद्दल हा शब्द वापरला असता तर मला लागला असता. त्या रात्री मी तो पाच वेळा वाचला आणि परत वरून सुरुवात केली, प्रत्येक अवयवासमोर तो आहे ना ते बोट ठेवून बघितलं.

सकाळी बाबांनी विचारलं काय लिहिलंय. मी इंग्रजी शब्द वाचून दाखवला. ते म्हणाले म्हणजे काय. मी म्हटलं, म्हणजे विशेष काही नाही.

हे तर आम्ही रोज बोलतो. मी संध्याकाळी फोन करते, बाबा काय विशेष, आणि ते म्हणतात काही नाही गं, विशेष काही नाही, तुझं काय. इतकी वर्षं मला ते नुसतं बोलायचं म्हणून बोललेलं वाटायचं आणि मी लगेच पुढच्या विषयावर जायचे. आता ते म्हणतात तेव्हा मी थोडी थांबते. विशेष काही नाही ना? नाही. पोट? ठीक. झोप? लागली. बरं. मग आम्ही बाकीचं बोलतो.